बंदूक खाली सरकते, झीज सोबत येते

२१ ऑगस्ट २०१९. बिहारच्या सुपौल जिल्ह्यात माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्रा यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार चालले होते. सलामीसाठी २२ रायफली वर झाल्या, हुकूम सुटला आणि एकही वाजली नाही. व्हिडिओ देशभर फिरला. लोक हसले, मीही हसलो. नंतर वाटलं, समोर चितेऐवजी हत्यारबंद टोळी असती, तर त्या २२ शिपायांचं काय झालं असतं?

"बिहार आहे, चालायचंच" असं म्हणणाऱ्यांसाठी ही पोस्ट आहे. कारण हीच गोष्ट आपल्या धरणगावातूनही सुरू करता येते.

१८२५ मध्ये जेम्स औट्रमने खान्देशात भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला होतं. सातपुड्यातल्या भिल्लांशी लढून थकलेल्या कंपनी सरकारने भिल्लांनाच बंदूक देऊन बंदोबस्ताला लावलं. पुढे ही पलटण पोलिस दलात मिसळली. म्हणजे आपल्याकडच्या सरकारी हत्यारबंद पोलिसांना दोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्या हातांत कोणती बंदूक द्यायची, हे मात्र कायम दुसऱ्या कुणी तरी ठरवलं.

१८५७ नंतर तर ते धोरणच झालं. देशी शिपायाचं हत्यार गोऱ्या शिपायाच्या एक पिढी मागे ठेवायचं. गोऱ्यांकडे मागून भरायची स्नायडर आली तेव्हा देशी शिपाई तोंडातून दारू ठासत होता. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली, मग स्नायडर देशी पलटणींकडे उतरली. पोलिस याच्याही खालच्या पायरीवर. त्यांच्यासाठी पुढे .४१० मस्केट निघाली. सांगाडा .३०३ चा, नळी गुळगुळीत, एका वेळी एकच गोळी, आणि लष्कराचं काडतूस तिच्यात बसू नये अशी मुद्दाम केलेली रचना. विश्वास किती होता बघा!

१९१४ मध्ये हिंदी सैन्य फ्रान्सला निघालं. मार्सेल्स बंदरात उतरल्यावर त्यांच्या जुन्या रायफली काढून घेऊन नव्या दिल्या, कारण तिथलं नवं काडतूस त्यांना चालणार नव्हतं. आघाडीच्या तोंडावर हत्यार बदललं. सरावाला वेळ किती मिळाला असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेला, पायऱ्या राहिल्या. १९६२ ला आपले जवान चीनसमोर .३०३ घेऊनच उभे होते. त्यानंतर ७.६२ ची एसएलआर आली, १९६४ मध्ये आपल्या वरणगावला काडतुसांचा कारखाना झाला. (वरणगाव फॅक्टरीत नातेवाईक नाही असा भुसावळकर शोधून दाखवा.) लष्कराला नवं मिळालं आणि .३०३ पोलिसांकडे उतरली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला जाहीर निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० रोजी.

आता मुद्द्याचं. रायफल खाली सरकते तेव्हा लाकडी दस्त्याला पॉलिश करता येतं, नळीला तेल लावता येतं. झीज मात्र बोल्टात बसलेली असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

बोल्ट म्हणजे दाराचा अडसर समजा. गोळी सुटते त्या क्षणी .३०३ च्या कोठीत चौरस इंचाला १८-१९ टनांच्या आसपास दाब तयार होतो. तो गोळीला पुढे ढकलतो, तेवढ्याच जोराने पुंगळीला मागे ढकलतो. पुंगळीमागे बोल्टाचं डोकं, आणि सगळा बोल्ट अडवून धरणारे फक्त दोन खिळे. जर्मन माउझरमध्ये हे खिळे बोल्टाच्या पुढच्या टोकाला असतात. ली-एनफिल्डमध्ये ते मागे आहेत. त्यामुळे बोल्ट भराभर ओढता येतो, पण प्रत्येक बाराला तो कणभर दबतो आणि परत ताणतो. हजारो बार झाले की खिळ्यांचे टेकण्याचे पृष्ठभाग घासतात. कधी एकच खिळा सगळा भार घेतो, दुसरा नुसता नावाला.

घासलं म्हणजे किती? बोल्टाचं डोकं आणि काडतुसाची कड टेकते ती जागा यांच्यात .०६४ इंच अंतर ठीक, .०७४ च्या पुढे रायफल बाद. फरक पाव मिलिमीटरचा, नखाच्या जाडीपेक्षाही कमी. एवढी फट वाढली की पुंगळी मागे ताणली जाते आणि बुडाजवळ तुटते. बोल्ट ओढला की नुसतं बूड बाहेर येतं, उरलेली नळकांडी आतच अडकते. पुढचं काडतूस बसत नाही. फार बिघडलं तर गरम वायू शिपायाच्या तोंडावर येतो. शिवाय स्प्रिंग मऊ पडते, पिनेचं टोक झिजतं आणि खटका नुसताच 'टक' वाजतो.

ही फट मोजायला गेज लागतं. साधा पोलादी तुकडा असतो. तो कोठीत घालून बोल्ट मिटतो का बघायचं, दोन मिनिटांचं काम.

आणि हो, पोलिसांची रायफल फार गोळ्या झाडून झिजत नाही. तेवढी काडतुसं सरावाला मिळतातच कुठे? ती झिजते रोजच्या परेडमध्ये, रिकाम्या खटक्याने, पुलथ्रूच्या दोरीने, आणि साफसफाईच्या दिवशी दहा रायफलींचे बोल्ट एकाच परातीत काढल्याने. बोल्टावर रायफलीचाच नंबर ठोकलेला असतो. तो उगाच नाही. ते दोन खिळे त्याच सांगाड्यात टेकवून बसवलेले असतात. याचा बोल्ट त्याला लावला की दिसायला सगळं नीट, टेकायला मात्र काहीच जुळत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर एके-४७ समोर आपल्या पोलिसांकडे काय होतं, ते सगळ्यांनी पाहिलं. .३०३ आणि लाठ्या. नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने काडतुसांअभावी सराव होत नसल्याकडे बोट दाखवलं. त्यावर नवी हत्यारं आली. चांगलंच झालं. पण नवं हत्यार म्हणजे बोल्टाची चिंता मिटली, हा गैरसमज आहे. अमेरिकेच्या एम-४ चा बोल्ट खिळ्यांच्या मुळाशी आणि पिनेच्या भोकापाशी तडकतो. म्हणून तिथे किती गोळ्या झाडल्या याच्या हिशेबाने बोल्ट बदलण्याची शिकवण आहे. आपोआप चालणाऱ्या रायफलीचा बोल्ट एका सरावात जितका राबतो, तितका .३०३ चा वर्षभरात राबत नसेल.

म्हणून 'पोलिसांना अत्याधुनिक शस्त्रं' अशी बातमी आली की मी संख्या वाचत नाही. त्यासोबत आर्मोरर किती, गेज किती, सुटे बोल्ट किती, हे शोधतो. ते बातमीत कधीच नसतं. विधानसभेत किती रायफली घेतल्या यावर प्रश्न येतात. किती तपासल्या आणि किती बाद केल्या, हेही आपल्या आमदाराने विचारायला काय हरकत आहे? धुळ्याला राज्य राखीव दलाचा गट आहे, पोलिस प्रशिक्षण केंद्र आहे. गावोगावची पोरं पहाटे पळून पळून तिथे पोहोचतात. त्यांच्या हाती पहिल्या दिवशी जी रायफल पडते, ती त्यांच्या आधी कुणाकुणाच्या खांद्यावर होती आणि तिने किती बार काढलेत, हे एका वहीत लिहिलेलं असायला हवं.

जळगाव-धुळ्याच्या कोतमध्ये नोकरी केलेले कुणी निवृत्त आर्मोरर हे वाचत असतील, तर दादा, कमेंटमध्ये लिहा. तुमच्या काळी बोल्टाचा नंबर जुळवून बघायची पद्धत होती का, आणि जुळला नाही तर ती रायफल बाजूला ठेवायची मुभा तुम्हाला होती का?