मोबाईलवर टर्मिनल: पहिल्या कमांड, कल्याण-कसारा लाइनच्या नकाशावर

टर्मिनल म्हणजे बटणं नसलेली खिडकी. तुम्ही एक ओळ टाइप करता, एंटर दाबता आणि मशीन उत्तर लिहून देतं. हे शिकायला लॅपटॉपच हवा असं बऱ्याच जणांना वाटतं. आमच्या खडवलीतून कल्याणला कॉलेजला जाणारी काही मुलं सुरुवातीचे महिने फक्त फोनवर काढतात आणि प्रॅक्टिकलला काळी स्क्रीन समोर आली की अडखळतात. पण अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे, त्यामुळे हा सराव खिशातल्या फोनवरही होतो.

त्यासाठी टर्मक्स हे मोफत ॲप घ्या, शक्यतो एफ-ड्रॉइडवरून. (आयफोनवर ते चालत नाही, तिथे ए-शेल बघा.) एकदा बसवलं की खालच्या कमांडना नेट लागत नाही, लोकलमध्ये रेंज नसली तरी सराव चालू राहतो.

लिहिण्याची पद्धत: 'एल-एस' असं दिसलं तर कीबोर्डवर एल आणि एस ही छोटी इंग्रजी अक्षरं जोडून टाइप करायची. मोठं अक्षर पडलं तर कमांड सापडणार नाही.

नावं इतकी तोकडी का? युनिक्सची सुरुवात 1969 मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी केली. तेव्हा स्क्रीनऐवजी टेलिटाइप असायचा, सेकंदाला साधारण 10 अक्षरं कागदावर छापणारा. एकेक अक्षर वाचवणं परवडायचं. तीच नावं आजही चालू आहेत.

तुम्ही आत्ता कुठे उभे आहात?

फोन वापरताना आपण म्हणतो, फोटो 'गॅलरीत' आहे, पीडीएफ 'व्हॉट्सॲपवर' आहे. प्रत्यक्षात दोन्ही कुठल्या ना कुठल्या फोल्डरमध्ये असतात, ॲप फक्त ते लपवतं. टर्मिनल लपवत नाही. तिथे तुम्ही कायम एखाद्या फोल्डरमध्ये उभे असता आणि प्रत्येक कमांड तिथूनच चालते. माझ्या मते नवख्यांचा निम्मा गोंधळ इथेच असतो, म्हणून 50 कमांडची यादी पाठ करण्याआधी एवढं पक्कं करा.

मध्य रेल्वेला कल्याणला फाटा फुटतो, एक कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे. फोल्डरची रचनाही अशीच फांद्यांची असते. आपण तीच बनवू. फोल्डरची नावं मराठीत चालतात. मात्रा स्क्रीनवर विस्कटलेल्या दिसल्या तरी नाव आत बरोबर साठतं.

एम-के-डी-आय-आर डॅश-पी कल्याण/शहाड/आंबिवली/टिटवाळा/खडवली

एम-के-डी-आय-आर डॅश-पी कल्याण/विठ्ठलवाडी/उल्हासनगर

पहिला शब्द फोल्डर बनवतो. मग जागा सोडून डॅश-पी, म्हणजे मधली फोल्डर नसतील तर तीही बनव. आता उल्हासनगरला जाऊ:

सी-डी कल्याण/विठ्ठलवाडी/उल्हासनगर

'पी-डब्ल्यू-डी' (बांधकाम खातं नव्हे!) टाइप केलं की आपण कुठे आहोत तो पूर्ण पत्ता मिळतो. 'एल-एस' त्या फोल्डरमध्ये काय काय आहे ते दाखवतं. इथे काहीच नाही, म्हणून उत्तरही रिकामं.

आता नुसतं 'सी-डी खडवली' करून बघा. असं फोल्डर नाही, असं उत्तर येईल. कारण मशीन फक्त उल्हासनगरच्या आत शोधतं. खडवलीला जायचं तर आधी कल्याणला परत यावं लागतं, गाडीतही आणि इथेही. दोन टिंबं म्हणजे एक पायरी मागे:

सी-डी ../../शहाड/आंबिवली/टिटवाळा/खडवली

पहिली दोन टिंबं विठ्ठलवाडीला आणतात, पुढची दोन कल्याणला. मार्ग लांब वाटत असेल तर नावाचं पहिलं अक्षर टाकून कीबोर्डच्या वरच्या पट्टीतलं टॅब दाबा, उरलेलं नाव मशीन भरतं. काही अडकलं तर कंट्रोल आणि सी.

बाकीच्या झटपट: 'सी-पी' कॉपी करतं, 'एम-व्ही' हलवतं (नाव बदलायलाही हेच), 'सी-ए-टी' फाइलमधला मजकूर दाखवतं.

पुसण्याआधी

'आर-एम' फाइल पुसतं, आणि इथे रिसायकल बिन नाही. गॅलरीतून उडवलेला फोटो बऱ्याच फोनवर काही दिवस 'ट्रॅश'मध्ये सापडतो, आर-एमने उडवलेला तिथे जात नाही. शिकत असाल तर 'आर-एम डॅश-आय' वापरा, ते प्रत्येक फाइलला आधी विचारतं. 'डॅश-आर-एफ' जोडलं की ते न विचारता अख्खं फोल्डर आतल्या सगळ्यासकट साफ करतं.

टर्मक्सला सुरुवातीला तुमचे फोटो दिसत नाहीत, ते स्वतःच्या वेगळ्या जागेत काम करतं. स्टोरेजची परवानगी दिली की दिसतात. म्हणून सराव होईपर्यंत ती देऊ नका. 'फोन हॅक करा' छाप व्हिडिओत बऱ्याचदा पहिली पायरी हीच परवानगी असते आणि दुसरी, न समजलेली लांब ओळ कॉपी-पेस्ट करणं. ओळीत आर-एम दिसलं, तर त्याच्यापुढे कुठलं फोल्डर लिहिलंय ते आधी वाचा. आणि टर्मक्स अनइन्स्टॉल केलं की त्याच्या जागेतल्या सगळ्या फाइलीही जातात, तेव्हा असाइनमेंट तिथे ठेवली असेल तर आधी बाहेर कॉपी करून घ्या.