हेज फंड

हेज फंड हा मोजक्या धनवान व्यक्ती व संस्थांकडून भांडवल घेऊन ते शेअर, रोखे, चलन, वायदे इत्यादी बाजारांत गुंतवणारा खासगी निधी होय. सर्वसाधारण म्युच्युअल फंडाला मुख्यतः भाव वाढल्यासच नफा होतो. हेज फंड मात्र भाव चढोत वा उतरोत, दोन्ही स्थितींत नफा मिळवण्याचा प्रयत्न करतो. भारतात असे निधी प्रवर्ग ३ मधील पर्यायी गुंतवणूक निधी (एआयएफ) म्हणून नोंदवले जातात.

नावाचा अर्थ

‘हेज’ म्हणजे कुंपण. व्यापारात या शब्दाचा अर्थ भावातील चढउतारांपासून संरक्षण असा होतो. यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीसारख्या भागातील कापूस विकत घेऊन रुईच्या गाठी तयार करणाऱ्या जिनिंग व्यावसायिकाचे उदाहरण घेता येईल. साठा विकला जाईपर्यंत भाव पडण्याची भीती असल्यास तो वायदेबाजारात रुईचा वायदा विकून ठेवू शकतो. भाव पडल्यास गाठींवरील तोटा वायद्यातील नफ्याने बऱ्याच अंशी भरून निघतो. भाव चढल्यास याउलट घडते. मुंबईत कापसाचा संघटित वायदेव्यापार १८७५ पासून सुरू झाला. अशा व्यावसायिकाजवळ माल असतो. हेज फंडाजवळ तो असेलच असे नाही. त्यामुळे नावात ‘कुंपण’ असले तरी त्याचे अनेक व्यवहार संरक्षणाचे नसून सट्ट्याचे असतात.

इतिहास

समाजशास्त्रज्ञ व पत्रकार आल्फ्रेड विन्स्लो जोन्स यांनी १९४९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला निधी हा पहिला हेज फंड मानला जातो. काही शेअर विकत घेणे, काही उसने घेऊन विकणे आणि कर्जाऊ पैशाची जोड देणे, ही त्यांची पद्धत होती. १९९२ मध्ये जॉर्ज सोरोस यांच्या क्वांटम फंडाने ब्रिटिश पौंडाचे मूल्य घसरेल या अंदाजावर मोठा नफा मिळवला.

कार्यपद्धती

एकाच उद्योगातील ‘अ’ कंपनीचे १०० रुपयांचे शेअर निधीने विकत घेतले आणि ‘ब’ कंपनीचे १०० रुपयांचे शेअर उसने घेऊन विकले, असे मानू. मंदीत ‘अ’ ६ टक्के व ‘ब’ १२ टक्के उतरल्यास पहिल्या व्यवहारात ६ रुपये तोटा, दुसऱ्यात १२ रुपये नफा आणि एकूण ६ रुपये निव्वळ नफा होतो. याउलट ‘ब’पेक्षा ‘अ’ अधिक उतरल्यास तोटा होतो.

उसन्या भांडवलाच्या वापरास लिव्हरेज म्हणतात. १०० कोटी रुपयांच्या स्वतःच्या भांडवलावर २०० कोटींचे व्यवहार केल्यास ५ टक्के प्रतिकूल हालचालीने १० कोटी, म्हणजे मूळ भांडवलाचा दहावा भाग, नष्ट होतो.

शुल्क

मालमत्तेच्या २ टक्के वार्षिक शुल्क आणि नफ्याचा २० टक्के हिस्सा ही दीर्घकाळ रूढ असलेली आकारणी आहे. अनेक निधींत पूर्वीचा तोटा भरून निघेपर्यंत नफ्यातील हिस्सा घेतला जात नाही.

भारतातील नियमन

सेबीने २०१२ मध्ये पर्यायी गुंतवणूक निधींसाठी नियम लागू केले. त्यांनुसार गुंतवणूकदाराची किमान रक्कम साधारणतः १ कोटी रुपये असते आणि प्रवर्ग ३ मधील निधीच्या एकूण व्यवहारांवर निव्वळ मालमत्तेच्या दुपटीची मर्यादा आहे. २०१७ पासून या निधींना वस्तूंच्या वायदेबाजारातही प्रवेश मिळाला.

जोखीम व टीका

लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या अमेरिकी हेज फंडाच्या भागीदारांत रॉबर्ट मर्टन व मायरन शोल्स हे नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ होते. रशियाने १९९८ मध्ये कर्जफेड थांबवल्यानंतर बाजार निधीच्या अंदाजांविरुद्ध गेले आणि प्रचंड लिव्हरेजमुळे तो बुडण्याच्या बेतात आला. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने १४ वित्तसंस्थांनी सुमारे ३.६ अब्ज डॉलर घालून त्याला सावरले. एका खासगी निधीचा तोटा त्याला कर्ज देणाऱ्या बँकांपर्यंत पोहोचू शकतो, हे या घटनेने दाखवून दिले.