वतन : एका शब्दाचा पंचनामा

वतन हा शब्द मूळ अरबी. अर्थ साधा : राहतं ठिकाण, जन्मभूमी. उर्दूत अजून तोच. शायर वतनावर जीव ओवाळतात. फारसी दफ्तरांतून तो मराठीत आला नि फिरला. इथं वतन म्हणजे पिढीजात हुद्दा, त्यापोटी जमीन नि हक्क. बापाकडून लेकाकडं. पाटलाचं, कुलकर्ण्याचं, देशमुखाचं वतन.

आणि महारकी? तीही वतनच! पण फरक बघा, दोस्तांनो. पाटलाच्या वतनाला मान, आपल्या वतनाला राबणूक. गावची शीव राखा, सांगावा पोचवा, साऱ्याची रक्कम तालुक्याला न्या, मेलेलं ढोर ओढा. त्याबदली हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आणि दारोदार मागायचं बलुतं. बाप आजारी पडला की पोरगं पळणार. अख्खं घरच गहाण!

इंग्रजानं हे मोडलं नाही. १८७४ साली वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा करून कागदावर पक्कं केलं.

या कायद्यावर घाव घातला परळच्या बीआयटी चाळीत राहणाऱ्या बाबासाहेबांनी. १९ मार्च १९२८ ला मुंबई कायदेमंडळात त्यांनी दुरुस्तीचं बिल मांडलं. ज्याला सुटायचंय त्यानं जमिनीचा पुरा सारा भरावा नि चाकरीतून मोकळं व्हावं. बलुत्याऐवजी रोख पैसा मिळावा. विरोध एवढा झाला की १९२९ ला बिल मागं घ्यावं लागलं.

त्याच १९२८ साली गिरणगावात मोठा संप झाला. तेव्हा विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव. का? धोट्यातला धागा तोंडानं ओढायचा, म्हणून विटाळ! बाबासाहेबांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांपुढं टाकला. गाव सोडून आलो तरी इथला मागही कुणाचं तरी वतनच निघाला.

बाबासाहेबांची चिता दादरला १९५६ साली पेटली. कनिष्ठ गाव वतनं रद्द करणारा कायदा त्यानंतर, १९५८ चा. १९५९ पासून लागू. चाकरी मेली. जमीन मात्र कब्जेहक्काची रक्कम भरून परत घ्यायची, नि कलेक्टरच्या परवानगीबिगर विकायची नाही, अशी अट आली. कैक म्हाताऱ्यांना हे कुणी सांगितलंच नाही.

म्हणून गावी जाल तेव्हा तलाठ्याकडं सातबारा मागा. जुने फेरफार काढा. जमीन कुणाच्या नावावर लागली नि कशी, ते वाचा. आज्याला, आजीला विचारा नि लिहून घ्या. त्यांच्यामागं सांगायला कुणी उरणार नाही.