आबांचा किर्लोस्कर

आमच्या परड्यात चिंचेखाली एक लोखंडी नांगर असे. आबा त्याला नांगर म्हणत नसत. 'किर्लोस्कर जुंपला', 'किर्लोस्कर काढला' असंच त्यांचं बोलणं. कृष्णाकाठच्या काळ्या रानात तो पहिल्यांदा चालला तेव्हा आबा पोरवयाचे होते. त्यांच्या वडिलांनी तो विकत घेतला आणि भावकीनं चार महिने नावं ठेवली. "लोखंडानं जमीन नासती, असं सगळी म्हणायची," आबा सांगत. "पर हराळीनं रान खाल्लं हुतं, करणार काय?"

लाकडी नांगर माती उकरतो. लोखंडी नांगर ती पालथी घालतो, त्यामुळे हराळीच्या काशा वर येऊन वैशाखाच्या उन्हात वाळतात. एवढंच गणित. पण ते शेतकऱ्याच्या गळी उतरवायला लक्ष्मणराव किर्लोस्करांना वर्षं खर्ची घालावी लागली. गुर्लहोसूरला १८६९ साली जन्मलेला हा माणूस चित्रकार व्हायला मुंबईला जे.जे. स्कूलमध्ये गेला. रंग नीट ओळखता येत नाहीत, हे ध्यानात आल्यावर यंत्रांच्या रेखाटनाकडे वळला. पुढे बेळगावात सायकलीचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग १९०३च्या सुमारास नांगर. पहिले नांगर दोन वर्षं तसेच पडून होते, असं आबांच्या पिढीत सांगत. मला या दोन वर्षांचं मोल सगळ्यात जास्त वाटतं. गिऱ्हाईक नसतानाही त्यांनी भट्टी विझू दिली नाही.

बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर माळ आणि बिनव्याजी दहा हजार रुपये त्यांनी दिले. १९१० साली बंधू रामूअण्णा आणि मोजके सोबती यांना घेऊन लक्ष्मणराव त्या माळावर उतरले. निवडुंग, साप आणि पाण्याची वानवा. बायकामाणसांनी तिथं चुली मांडल्या, ते बळ भट्टीच्या बळाइतकंच होतं. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही तिथं राखणीला ठेवलं. आबांच्या आवाजाला ही गोष्ट सांगताना धार येई: "ज्यांना गावानं हाकललं, त्यांच्या हाती किल्ल्या दिल्या बघ."

पहिल्या महायुद्धात बाहेरचं लोखंड मिळेना. तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा नांगरांसाठी वितळवायला दिल्या, असं आबा सांगत. आमच्या नांगरात तोफेचं लोखंड आहे, असा माझा बालपणी ठाम समज होता. मी फाळाला कान लावून बसायचो.

त्या माळावर वसलेल्या किर्लोस्करवाडीतून चरक, मोटेऐवजी रहाट, पुढे पंप निघाले. १९२०पासून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली, ती शंकरराव किर्लोस्कर संपादत. १९३०पासून 'स्त्री' मासिक आलं. आजी ते दिव्याजवळ धरून सावकाश, बोट फिरवत वाचायची. एकाच माळावरून नांगर आणि मासिक दोन्ही आमच्या घरात पोचलं. १९४६ साली पुण्याला तेलइंजिनांचा कारखाना सुरू झाला.

गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ साली झालेल्या जाळपोळीत वाडीही होरपळली. आबा तिथे थांबत. तंबाखू मळत बसत, पुढचं सांगत नसत. मी विचारायचं धाडस केलं नाही, याची खंत अजून आहे.

लक्ष्मणराव १९५६ साली गेले. जन्मशताब्दीला, १९६९ साली, टपाल खात्यानं त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. त्यावर त्यांच्यासोबत नांगर आहे.

आमच्या परड्यातला नांगर आता भंगारवाल्यानं दोनदा मागितला. तो मी दिला नाही. तुमच्या घरीही असा एखादा पडला असेल, तर विकण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि तो कुणी आणला, कसा आणला, ते विचारून घ्या.