आधी अर्नाळा, मग वसई

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर पाण्यात किल्ला दिसतो. होडीने पलीकडे गेले की दरवाजावर बाजीराव पेशव्यांच्या काळातला शिलालेख पाहायला मिळतो. मराठ्यांनी हे बेट पोर्तुगीजांकडून घेतले १७३७ साली. वसई पडली ती १७३९च्या मे महिन्यात, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत. शाळेत आम्हाला वसईचा विजय तोंडपाठ असे. त्याआधी वैतरणेच्या मुखावरचे हे छोटे ठाणे हाती आले आणि ते नव्याने पक्के बांधून काढले गेले, याकडे मात्र लक्ष जात नसे. माझे लक्ष गेले ते चाळिशीत, संगणकाच्या धंद्यात हात पोळल्यावर.

नव्वदच्या दशकात मी एसटीने विरार, तिथून लोकलने अंधेरी आणि पुढे सीप्झ असा रोजचा प्रवास करीत असे. १९७३ साली निर्यातीसाठी उभारलेल्या या वसाहतीत परदेशी गिऱ्हाइकांची कामे चालत. ते सांगतील तो प्रोग्रॅम लिहायचा, तासांचे पैसे घ्यायचे आणि प्रोग्रॅम त्यांच्या स्वाधीन करायचा. थोडक्यात, मापे घेऊन कपडे शिवण्याचा धंदा. पैसा बरा होता, पण आपले म्हणावे असे हाती काही उरत नसे.

म्हणून मी स्वतःचे उत्पादन काढायचे ठरवले. मच्छीमार सहकारी संस्थेचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम: डिझेल, बर्फ, सभासदांची उचल, मासळीचे येणे. पहिल्या संस्थेला तो आवडला. दुसरीने उचलीचा नियम बदलून मागितला, तिसरीने पावती बदलून मागितली. मी कोणालाच नाही म्हटले नाही. दोन वर्षांत एकाच प्रोग्रॅमचे पाच वेगवेगळे अवतार झाले. एकातली चूक सुधारली की ती उरलेल्या चारांत पुन्हा शोधावी लागे. बायकोचे दागिने गहाण पडले, तेव्हा मी काम थांबवले.

गंमत अशी, की मी जिथे नोकरी करीत होतो त्याच सीप्झमध्ये या प्रश्नाचे उत्तर कोणीतरी शोधत होते. सिटी बँकेने १९८५ साली तिथे स्वतःच्या कामासाठी एक सॉफ्टवेअर कंपनी काढली होती. त्यातल्या राजेश हुक्कू आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वाटे, की बँकेचे व्यवहार सांभाळणारे सॉफ्टवेअर आपल्या नावाने जगभर विकता येईल. त्यातून १९९२च्या सुमारास उत्पादनांसाठी वेगळी कंपनी उभी राहिली. तिचे ‘मायक्रोबँकर’ लंडन-न्यूयॉर्कच्या बड्या बँकांनी दारात उभे केले नसते. म्हणून ते आधी गेले आफ्रिकेसारख्या विकसनशील भागांतल्या बँकांकडे. गरज निकडीची आणि बड्या कंपन्यांचे लक्ष कमी, अशी ही बाजारपेठ होती.

दुसरी गोष्ट सॉफ्टवेअरच्या रचनेची. प्रत्येक बँकेचे व्याजाचे नियम, चलन, सुट्ट्या वेगळ्या. प्रत्येकासाठी प्रोग्रॅम नव्याने लिहायचा नाही. नियम बाहेरून भरता येतील अशी सोय आत आधीच ठेवायची. गाभा एकच. माझ्या पाच अवतारांचे औषध हेच होते!

या अनुभवावर १९९७ साली ‘फ्लेक्सक्यूब’ आले. पुढे अडचण आली नावाची. प्रतिस्पर्धी बँकेच्या घरातले सॉफ्टवेअर दुसरी बँक कशाला घेईल? २००० साली कंपनीने ‘आय-फ्लेक्स’ हे नाव घेतले, २००२ साली तिचे शेअर बाजारात आले. २००५ साली ओरॅकलने सिटीकडचा सुमारे ४१ टक्के हिस्सा जवळजवळ ५९ कोटी ३० लाख डॉलरला घेतला. मालकी परदेशातून परदेशातच गेली, ही खंत आहेच. पण इथे बनवलेले सॉफ्टवेअर जगभरच्या बँकांत चालू शकते, एवढे सिद्ध झाले.

एवढ्या मोठ्या बँकेचे पाठबळ सर्वांना कुठून मिळणार, असे कोणी म्हणेल. त्यांनी पुण्याकडे पाहावे. रहिमतपूरचे कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणकाच्या दुरुस्तीत आले. दुकानात व्हायरस लागलेली यंत्रे पुन्हा पुन्हा येत. धाकटे बंधू संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिले आणि १९९५च्या सुमारास ‘क्विक हील’ बाजारात आले. २०१६ साली कंपनीची नोंदणी शेअर बाजारात झाली. त्यांची सुरुवातही छोट्या ठाण्यापासूनच, पण दुखणे रोज डोळ्यांसमोरचे.

दूरदृष्टी म्हणजे दूरची वसई दिसणे, हे खरेच. पण तेवढ्याने भागत नाही. वसईकडे जाताना आधी कोणते अर्नाळा घ्यायचे आणि कोणत्या दहा लढाया सोडून द्यायच्या, हे ठरवणे म्हणजे धोरण. मला वसई दिसत होती. सोडून देणे तेवढे जमले नाही.

आता विरारची तरुण मुले मोबाइलवरची ॲप घेऊन सल्ल्याला येतात. जग जिंकायचे बेत सांगतात. मी त्यांना एवढेच विचारतो, की पहिली दहा गिऱ्हाइके कोण, आणि अकराव्याने वेगळेच काही मागितले तर त्याला नाही म्हणायची तुमची तयारी आहे का? बरेच जण गप्प होतात. मग मी त्यांना होडीत बसवून किल्ला दाखवायला नेतो.