एकभुक्त व्रत आणि शरीरधर्म

चातुर्मासात एकभुक्त राहण्याचा नेम अनेक घराण्यांतून परंपरेने पाळला जातो. दिवसातून एकदाच, मध्याह्नानंतर भोजन करणे म्हणजे एकभुक्त. दिवसभर उपोषित राहून सूर्यास्तानंतर भोजन करणे म्हणजे नक्त. अशा नित्य उपवासात शरीरात काय घडते, हे व्रतस्थाने जाणून घेणे हितावह आहे.

भोजनानंतर रक्तातील साखर वाढते व स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते. त्यायोगे जादा साखरेचा काही भाग यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठविला जातो. हा साठा साधारणतः १०० ग्रॅमच्या आसपास असतो. सुमारे १२ तासांनंतर तो बराच ओसरतो, मेदाचे विघटन वाढते आणि यकृत मेदाम्लांपासून कीटोन द्रव्ये निर्माण करू लागते. मेंदूही ती इंधन म्हणून वापरू शकतो. पेशी आपलेच जीर्ण घटक मोडून पुन्हा उपयोगात आणतात. या प्रक्रियेच्या संशोधनाबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि त्यांचे मूलभूत प्रयोग यीस्टवर झाले होते. त्यावरून मनुष्याच्या उपवासाचे फळ ठरविणे योग्य नव्हे.

उपवासाने वजन उतरते काय? चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेल्या व २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही गटांना सारखाच मित आहार दिला होता. एका गटाने तो सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेतच घेतला. दोन्ही गटांच्या वजनातील घटीत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजेच वेळेपेक्षा मिताहार महत्त्वाचा. साबुदाणा, बटाटा व तूप यथेच्छ सेवन केल्यास उपवासाचा हा लाभ उरत नाही.

विशेष सूचना : इन्सुलिन अथवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर उपवासात एकाएकी उतरू शकते. घाम, कंप, भोवळ जाणवल्यास तत्काळ साखर वा गूळपाणी घ्यावे. विलंब प्राणावर बेतू शकतो. मधुमेहींनी, गर्भवती व स्तनदा मातांनी वैद्यांच्या सल्ल्यावाचून संकल्प करू नये. औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. जल, फळे, मुळे, दूध आदी आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही असे धर्मशास्त्र सांगते. त्या आठांत औषधाचाही समावेश आहे. म्हणून प्रकृतीसाठी नेम सोडावा लागल्यास भाविकांनी मनात किंतु बाळगू नये.

॥ शुभं भवतु ॥