25 डॉलरची चिप

सप्टेंबर 1975. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'वेस्कॉन' प्रदर्शनात पेनसिल्व्हेनियातल्या 'एमओएस टेक्नॉलॉजी' या लहानशा कंपनीने 6502 हा मायक्रोप्रोसेसर 25 डॉलरला विकायला काढला. इंटेलच्या 8080 साठी किंवा मोटोरोलाच्या 6800 साठी तेव्हा पावणेदोनशेच्या आसपास डॉलर मोजावे लागत. प्रदर्शनाच्या दालनात विक्रीला मनाई होती, म्हणून कंपनीने हॉटेलात जागा घेऊन काचेच्या बरण्यांत चिप मांडल्या. बरणीच्या तळाशी बाद माल होता, हे या चिपमागचे अभियंते चक पेडल यांनीच पुढे सांगितले. माल हवा तेवढा आहे, असे गिऱ्हाइकाला वाटायला हवे होते.

पेडल आधी मोटोरोलात होते. 6800 घेऊन ते गिऱ्हाइकांकडे जात. चिप सगळ्यांना आवडे, पण किंमत ऐकली की बोलणे थांबे. स्वस्त चिप काढू या, हे वरिष्ठांना पटेना. 1974 मध्ये पेडल काही सहकाऱ्यांसह बाहेर पडले आणि एमओएसमध्ये आले.

ही किंमत त्यांना परवडली कशी, हा या कथेचा गाभा आहे. चिपचा नकाशा काचेच्या मास्कवर असतो आणि प्रकाशाच्या साहाय्याने तो सिलिकॉनच्या चकतीवर उमटवतात. जुन्या पद्धतीत मास्क चकतीला टेकवावा लागे. तो लवकर खराब होई, त्यामुळे त्यातले दोष निस्तरत बसणे कोणाला परवडत नसे आणि चकतीवरच्या बहुतेक चिप फेकून द्याव्या लागत. एमओएसने प्रतिमा दुरून पाडणारे नवे यंत्र घेतले. मास्क टिकू लागला, तसे त्यातले दोष शोधून दुरुस्त करणेही परवडू लागले. चांगल्या चिपचा उतारा कितीतरी वाढला. शिवाय रचनेतली काटछाट अशी की 6800 ला सुमारे 29 चौरस मिलिमीटर सिलिकॉन लागे, 6502 ला सुमारे 17. एका चकतीत चिप जास्त आणि त्यातल्या चांगल्याही जास्त. अशी स्वस्ताई मला खरी वाटते, कारण ती नासाडी कमी करून आलेली आहे.

इंटेल आणि मोटोरोला यांनी आपले भाव लगोलग 70 डॉलरच्या घरात आणले. मोटोरोलाने एमओएसवर दावाही लावला. 1976 मध्ये एमओएसने 2 लाख डॉलर भरून तडजोड केली आणि 6800 च्याच खाचेत बसणारी आपली 6501 ही चिप मागे घेतली.

त्याच काळात कॅल्क्युलेटरच्या बाजारात दुसऱ्या जातीचे भावयुद्ध पेटले होते. चिप पुरवणाऱ्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने स्वतःच कॅल्क्युलेटर विकायला काढून भाव इतके पाडले की तिच्याच चिप विकत घेणाऱ्या कमोडोरला टिकाव धरणे अवघड झाले. पुन्हा दुसऱ्याच्या चिपवर विसंबायचे नाही, असे ठरवून कमोडोरचे प्रमुख जॅक ट्रॅमियल यांनी 1976 मध्ये एमओएसच विकत घेतली.

तोवर स्टीव्ह वॉझनियॅक यांनी 6502 घेऊन पहिला ॲपल संगणक जुळवला होता. 1984 मध्ये भारत सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून आपल्या शाळांत बीबीसी मायक्रो संगणक येऊ लागले, त्यांच्यातही याच घराण्यातली चिप होती.